तूर, उठाव आणि पोर्तुगीज: आफ्रिका बघणारा डिप्लोमॅट दिवसभर करतो तरी काय

नागपूरच्या कळमना बाजारात तुरीचा भाव पडला की पहिली शिवी सरकारला आणि दुसरी आयातीला, हे आपल्याकडे ठरलेलंच. पण ही आयात येते कुठून? बरीचशी मोझांबिक, मलावी, टांझानिया, सुदान अशा आफ्रिकन देशांमधून. किती तूर आणायची हे वाणिज्य आणि ग्राहक खातं ठरवतं ते बरोबर, पण तिकडे त्या देशात बसून कोणाशी बोलायचं, कोणाचा शब्द चालतो, करार कागदावर राहतो की माल खरंच जहाजावर चढतो, हे बघणारा एक माणूस असतो. तो आपल्या परराष्ट्र सेवेतला, म्हणजे आयएफएस. आता नागपुरात आयएफएस म्हटलं की लोक डायरेक्ट सिव्हिल लाइन्सच्या वनभवनाकडे बोट दाखवतात, कारण आपल्यासाठी आयएफएस म्हणजे फॉरेस्टवाले. आणि इन्कम टॅक्सचे आयआरएस तर छिंदवाडा रोडच्या अकॅडमीमुळे माहीत. परराष्ट्रवाला कोणी ओळखीत नसतो, त्यामुळे तो काय करतो याबद्दल दोनच कल्पना असतात, एक तर पार्ट्या करतो किंवा पासपोर्टवर शिक्के मारतो. त्यातही आफ्रिकेत पोस्टिंग म्हटलं की लगेच, "काहून बाप्पा, काही लफडं केलं का त्यानं?"

तर हे सगळं नीट उलगडून सांगतो.

सुरुवात तीच, यूपीएससी. कलेक्टर ज्या परीक्षेतून होतो त्याच परीक्षेतून. रँक आणि पसंतीक्रम जुळला की फॉरेन सर्व्हिस मिळते. आधी मसुरीला सगळ्यांसोबत फाउंडेशन कोर्स, मग दिल्लीत सुषमा स्वराज इन्स्टिट्यूटमध्ये परराष्ट्र सेवेचं वेगळं ट्रेनिंग. इथंच एक गोष्ट होते जी वरवर किरकोळ वाटते पण पुढची निम्मी करिअर त्यावर ठरते: प्रत्येकाला एक परदेशी भाषा दिली जाते. ती नुसती बोलता येऊन भागत नाही, परीक्षा पास करावी लागते, त्याशिवाय नोकरी पक्की होत नाही.

भाषा पोर्तुगीज मिळाली तर मोझांबिक, अंगोला यांचा दरवाजा उघडतो. फ्रेंच मिळाली तर सेनेगल, आयव्हरी कोस्ट, काँगो, मादागास्कर. अरबी मिळाली तर इजिप्त, सुदान, मोरोक्को. स्वाहिली म्हणजे टांझानिया, केनिया. पण गंमत बघा, फ्रेंचवाला पॅरिसलाही जाऊ शकतो आणि जिनिव्हालाही, पोर्तुगीजवाल्याला लिस्बन आणि ब्राझील पण आहे. म्हणजे भाषा आफ्रिकेकडे नेते तशी आफ्रिकेतून बाहेरही काढते, आणि इथूनच आपल्या सिस्टीमची एक कमजोरी सुरू होते, त्यावर नंतर येतो.

पहिली पोस्टिंग थर्ड सेक्रेटरी म्हणून. मग सेकंड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी, काउन्सेलर, आणि बऱ्याच वर्षांनी राजदूत. मधे मधे दिल्लीला परत यावं लागतं, तिथं पदं वेगळी, अंडर सेक्रेटरी, डेप्युटी सेक्रेटरी, डायरेक्टर, जॉइंट सेक्रेटरी. दिल्लीत मंत्रालयाची कामं प्रदेशानुसार वाटलेली आहेत. आफ्रिका एका टेबलावर नाही: पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचं काम वेगळं, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचं वेगळं, आणि इजिप्त-लिबिया वगैरे अरब पट्टा हा पश्चिम आशियाच्या डेस्कसोबत. म्हणजे नकाशावर एकच खंड दिसतो तो दिल्लीच्या फायलींमध्ये तुकड्या-तुकड्यांत आहे.

तसं तर आफ्रिका एक गोष्ट आहे असं समजणं हीच पहिली चूक. युनायटेड नेशन्सचे १९३ सदस्य देश, त्यातले ५४ आफ्रिकेतले. आफ्रिकन युनियनचे सदस्य ५५, कारण पश्चिम सहाराच्या सरकारला ते सदस्य मानतात, युनायटेड नेशन्स मानत नाही, आणि या एका जागेवरून मोरोक्को तीन दशकांहून जास्त काळ त्या संघटनेच्या बाहेर बसला होता, २०१७ मध्ये परत आला. असे बारकावे नव्या माणसाला माहीत नसले तर तो एका वाक्यात दोन देश नाराज करू शकतो. आणखी एक उदाहरण. ज्या देशात ब्रिटिश होते तिथं आपलं हाय कमिशन आणि बाकी ठिकाणी एम्बसी, असा आपला समज असतो. खरं तर कॉमनवेल्थमधल्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश साम्राज्यातून तयार झालेल्या गटातल्या देशांत एम्बसीलाच हाय कमिशन म्हणतात. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज होते तरी राजधानी मापुतोला आपलं हाय कमिशन आहे, कारण ते १९९५ मध्ये कॉमनवेल्थमध्ये गेले. रवांडा तर बेल्जियमकडे होता, तो २००९ मध्ये गेला. का गेले, शेजारी कोण आहेत, व्यापार कोणाशी करायचाय, जुन्या मालकापासून लांब का जायचंय, हे सगळं समजलं तर त्या देशाचं डोकं कसं चालतं ते समजायला लागतं. हेच या माणसाचं खरं भांडवल.

आता रोजचं काम. सकाळी स्थानिक पेपर, रेडिओ, फोन. मग भेटी. मंत्रालयातला अधिकारी, विरोधी पक्षाचा नेता, बँकवाला, चर्चचा माणूस, एखादा गुजराती व्यापारी ज्याची तिसरी पिढी तिथं आहे आणि ज्याला कस्टममधल्या शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळे ओळखतात. संध्याकाळी दिल्लीला रिपोर्ट. निवडणुकीत कोण जिंकेल, लष्कर कोणावर खूश आहे, चिनी कंपनीनं कुठलं बंदर घेतलं, भारताच्या कर्जातून चाललेला प्रोजेक्ट का अडकला. आपल्या एक्झिम बँकेमार्फत (आयात-निर्यातीसाठीची सरकारी बँक) आफ्रिकेला दिलेल्या सवलतीच्या कर्जाची रक्कम १२ अब्ज डॉलरच्या वर आहे. त्यातून विजेच्या लाइनी, साखर कारखाने, पाणीयोजना होतात किंवा रखडतात, आणि रखडल्या की बोलणी एम्बसीलाच खावी लागतात. शिवाय ट्रेनिंगचं काम. आयटेक नावाची योजना १९६४ पासून चालू आहे, त्यात तिकडचे सरकारी कर्मचारी, इंजिनियर, पोलीस वगैरे भारतात येऊन शिकून जातात. माझ्या मते आपण केलेली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ गुंतवणूक, कारण वीस वर्षांनी त्यातला कोणीतरी सचिव किंवा मंत्री झालेला असतो आणि त्याला पुणे-हैदराबादची आठवण असते.

एकाच माणसाकडे अनेक देश पण असतात. सगळीकडे एम्बसी उघडणं परवडत नाही, तर शेजारच्या देशाचा राजदूत तिथलाही राजदूत. नैरोबीतला आपला हाय कमिशनर सोमालिया पण बघतो, आणि नैरोबीत युनायटेड नेशन्सच्या पर्यावरण आणि वस्ती या दोन संस्थांचं मुख्यालय आहे, तिथलं भारताचं प्रतिनिधित्वही त्याच्याकडेच. आदिस अबाबातल्या राजदूताकडे इथिओपियासोबत आफ्रिकन युनियन. २०१८ मध्ये केंद्रानं आफ्रिकेत १८ नवीन मिशन, म्हणजे एम्बसी किंवा हाय कमिशन, उघडायचं ठरवलं, रवांडाचं त्याच वर्षी सुरू झालं. देर आये दुरुस्त आये. पण आपली फॉरेन सर्व्हिस मुळातच छोटी, अधिकारी हजाराच्या आसपास, म्हणजे कित्येक नव्या ठिकाणी राजदूत आणि दोन-तीन जण एवढाच संसार. तिथं पॉलिटिकल, व्यापार, कल्चर, व्हिसा, आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे का, सगळं त्यांनीच बघायचं.

बरं, परत तुरीवर येतो, कारण हा खेळ समजला की बाकी समजतं.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या आसपास गेली होती, आठवत असेल. घराघरात वरण पातळ झालं. सरकारनं घाबरून जुलै २०१६ मध्ये मोझांबिकसोबत दीर्घ मुदतीचा करार केला, पहिल्या वर्षी एक लाख टनांपासून सुरुवात करून पुढे दोन लाख टनांपर्यंत डाळी घ्यायच्या. मोझांबिकमधले शेतकरी तूर स्वतः फारशी खात नाहीत, ते पेरतातच आपल्यासाठी. झालं काय, त्याच हंगामात आपल्याकडे तुरीचं बंपर पीक आलं, यवतमाळ-अमरावती-अकोल्यापासून नागपूरपर्यंत शेतकरी हमीभाव मिळावा म्हणून खरेदी केंद्रासमोर रांगा लावून बसले, आणि भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेले. मग ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा टाकली. सरकारी करारातला माल त्यातून सुटला, पण कराराबाहेरचा खाजगी व्यापार अडकला आणि तिकडच्या खेड्यात भाव कोसळले. आता मापुतोमधला आपला अधिकारी काय करणार? समोरचा मंत्री म्हणतो, तुम्हीच सांगितलं पेरा म्हणून. दिल्ली म्हणते, आमचा शेतकरी आंदोलन करून राहिला. दोघांचंही खरं. त्यानं फक्त एवढं करायचं की करार तुटू द्यायचा नाही, कारण आज नको असलेली तूर दोन वर्षांनी परत लागणार हे त्याला माहीत असतं.

आणि लागलीच. नंतर दर वाढले, आयात परत मोकळी केली. मग २०२३ च्या शेवटी उलटं झालं, भारताला तूर पाहिजे आणि मोझांबिकच्या नकाला बंदरात माल अडकून पडलेला, कारण तिथल्या निर्यातदारांमध्ये भांडण आणि कोर्टकचेरी. तिकडचं पीक आपल्या आधी निघतं, आपलं नवीन पीक बाजारात यायच्या आधी ते पोहोचलं तरच उपयोग, म्हणून एकेक आठवडा महत्त्वाचा. अशा वेळेला दिल्लीतून फोनवर कितीही आवाज चढवा, काम तोच करतो ज्याला तिथल्या बंदराचा, कस्टमचा आणि मंत्रालयाचा माणूस पोर्तुगीजमध्ये हाक मारून बोलावता येतो.

विदर्भातल्या शेतकऱ्याला या माणसाबद्दल प्रेम वाटावं असं मी म्हणत नाहीये. आयातीनं भाव पडतात हे खरंच आहे. फक्त तो कोणासाठी काम करतो हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही: डाळ खाणारा पण भारतीय, पिकवणारा पण भारतीय आणि इतवारीतला डाळ मिलवाला पण भारतीय.

दुसरं मोठं काम संकटाचं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले, राजधानी खार्तूमच्या रस्त्यांवरच लढाई. एअरपोर्ट बंद. तिथले भारतीय काढायचे कसे? खार्तूमपासून आठशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या पोर्ट सुदानपर्यंत बसनं, तिथून नौदलाच्या जहाजानं किंवा विमानानं समुद्रापलीकडे सौदीतल्या जेद्दाला, आणि मग भारतात. या मोहिमेचं नाव ऑपरेशन कावेरी. सुमारे ३,८०० लोक काढले. टीव्हीवर आपल्याला जहाज आणि विमान दिसलं, आणि वादी सैदना नावाच्या धावपट्टीवर हवाई दलानं रात्री लाइट नसताना विमान उतरवलं ते तर भारीच होतं. पण त्या बसला डिझेल कुठून मिळालं, कुठल्या नाक्यावर कोणत्या गटाची माणसं आहेत, कोणाला फोन केला की बस सोडतात, कुठल्या मोहल्ल्यात किती भारतीय अडकलेत, ही यादी एम्बसीतल्या मूठभर लोकांनी गोळीबार चालू असताना केलेली. दोन्ही गटांशी बोलता येणं, हे आधीच्या दोन-तीन वर्षांच्या चहापानाचं फळ असतं. म्हणून पार्ट्या करतात म्हणणाऱ्यांना सांगायचं, त्या पार्टीतला फोन नंबरच लढाईच्या दिवशी उचलला जातो.

उठाव झाला की पण असंच. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करानं राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच घरात बंद केलं. अशा वेळी राजदूत ज्याच्याशी काल बोलत होता तो आज कैदेत, आणि ज्या लष्करी अधिकाऱ्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं तो आज देश चालवतोय. एम्बसी बंद करून चालत नाही, भारतीय लोक तिथं असतात. नव्या लोकांना हारतुरे देऊनही चालत नाही. मधला रस्ता काढावा लागतो, आणि तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो. पुढे नायजर, माली आणि बुर्किना फासो हे तिघं पश्चिम आफ्रिकेच्या संघटनेतूनच जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडले, म्हणजे सगळ्या प्रदेशाचा हिशोब परत मांडा.

सत्तेत नसलेल्या माणसाशी दोस्ती ठेवण्याचं सगळ्यात भारी उदाहरण आपलंच आहे, मराठी. अप्पासाहेब पंत. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजपुत्र, सूर्यनमस्काराचा प्रचार करणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. नेहरूंनी त्यांना १९४८ मध्ये नैरोबीला भारताचे कमिशनर म्हणून पाठवलं. तेव्हा केनिया ब्रिटिशांच्या ताब्यात, म्हणजे अधिकृत काम ब्रिटिश गव्हर्नरशी आणि तिथल्या भारतीय वस्तीशी. यांनी काय केलं, सरळ आफ्रिकन पुढाऱ्यांशी मैत्री केली, जोमो केन्याटांशी घरोबा, आफ्रिकन पोरांना भारतात शिकायला स्कॉलरशिप. ब्रिटिश भडकले, लंडनपर्यंत तक्रारी गेल्या. १९५२ मध्ये केन्याटांना अटक झाली तेव्हा त्यांच्या बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल वकील म्हणून गेले. शेवटी १९५४ च्या सुमारास पंतांना तिथून हलवलं. नोकरीच्या हिशोबानं बघितलं तर ती पोस्टिंग वादात संपली. पण १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला आणि पंतप्रधान कोण, तर तेच केन्याटा. आपल्या शाळेच्या पुस्तकात पंत का नाहीत कोणास ठाऊक.

नामिबियाचं पण असंच लांबलचक प्रकरण. तो देश दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारच्या ताब्यात होता आणि स्वापो ही संघटना लढत होती. भारतानं १९८६ मध्ये स्वापोला दिल्लीत एम्बसी उघडू दिली, देश अजून जन्मायचा होता तेव्हा. त्याच काळात अमेरिकेचे चेस्टर क्रॉकर हा प्रश्न घेऊन बसले होते. मूळचे प्राध्यापक, आफ्रिकेचे अभ्यासक, १९८१ ते १९८९ अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात आफ्रिका विभागाचे प्रमुख. अंगोलातून क्युबाचं सैन्य जाईल आणि बदल्यात नामिबिया मोकळा होईल, असा सौदा जुळवायला त्यांना जवळपास आठ वर्षं लागली, त्यावर टीकाही खूप झाली की गोऱ्या राजवटीला फार सांभाळून घेता म्हणून, आणि ती टीका मला बरोबर वाटते. पण डिसेंबर १९८८ मध्ये न्यूयॉर्कला सह्या झाल्या आणि मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला जे पहिले आठ चित्ते उतरले ते याच नामिबियातून आले, त्यासाठी दोन्ही देशांचा करार जुलैमध्ये झालेला. ताडोबा-पेंचवाल्या आपल्या लोकांनी त्या चित्त्यांवर महिनोन् महिने वाद घातला, कराराकडे मात्र कोणी बघितलं नाही.

आता ती कमजोरी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात आफ्रिकेचा स्वतंत्र विभाग १९५८ पासून आहे आणि तिथं असे अधिकारी तयार होतात ज्यांची जवळपास सगळी नोकरी आफ्रिकेवरच जाते. आपल्याकडे पोस्टिंग साधारण तीन वर्षांची, अवघड ठिकाणी दोन, आणि पुढची कुठंही. मापुतोहून वॉर्सा, तिथून दिल्लीत प्रोटोकॉल, मग जकार्ता. सगळं थोडं थोडं येतं, हा फायदा. पण जी ओळखपाळख, जी खबर दोन वर्षांत जमली ती पुढच्या माणसाला फाइलमधून मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे आफ्रिका स्पेशालिस्ट नावाचं पद नसतं, तो बनतो, स्वतः मागून परत परत तिकडे गेला तर. आणि मागणारे कमी असतात, कारण घरच्यांना सांगताना लंडन सांगायला बरं वाटतं. जायच्या दहा दिवस आधी यलो फीव्हरची लस, मलेरियाची भीती, लेकरांची शाळा बदलायची, नवरा किंवा बायकोची नोकरी सुटायची, म्हाताऱ्या आईवडिलांकडे यायचं तर दोन-तीन विमानं. हे त्रास खरे आहेत, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण मोठ्या एम्बसीत तुम्ही चाळीसातले एक असता आणि आफ्रिकेच्या छोट्या राजधानीत तिसाव्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसात फोन लावून भेट ठरवता. शिकायचं असेल तर दुसरीच जागा बरी.

दिल्लीला आफ्रिकेची गरज का, तर मतं. ५४ मतं म्हणजे युनायटेड नेशन्समध्ये चौथ्या हिश्श्याहून जास्त. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निवडणुकीत न्यायमूर्ती दलवीर भंडारी १९३ पैकी १८३ मतांनी आले, ब्रिटननं उमेदवार मागे घेतला, त्यात आफ्रिकन मतांशिवाय तो आकडा होऊच शकत नव्हता. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत आफ्रिकन युनियनला कायमचं सदस्य करून घेतलं, ती आपल्या बाजूनं केलेली परतफेड समजा.

नागपुरातून कोणाला या वाटेनं जायचं असेल तर सोय अशी. पदवी कुठलीही चालते. जनरलला वय २१ ते ३२ आणि सहा अटेम्प्ट, आरक्षणानुसार सवलत वेगळी. फॉर्ममध्ये फॉरेन सर्व्हिस वर टाका, लोक भीतीनं खाली टाकतात. आपल्या विद्यापीठातून लॉ केलेले नरसिंह राव परराष्ट्रमंत्री झाले, आणि पंतप्रधान असताना १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी संबंध परत सुरू झाले, तेव्हा गाव आडवं येतं असं समजू नका. यूपीएससी जमलं नाही तर केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची (एसएससी) सीजीएल परीक्षा आहे, त्यातून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं आणि त्यांनाही परदेशी पोस्टिंग असते. भाषा आतापासून सुरू केली तर परीक्षेत मार्क वाढणार नाहीत, पण फ्रेंच किंवा पोर्तुगीज येत असेल तर तिकडे काम करणाऱ्या कंपन्यांमध्ये, बँकांमध्ये, मदत संस्थांमध्ये जागा असतात आणि अर्ज करणारे मराठी लोक फार थोडे. मुलाखतीत कोणी विचारलंच की आफ्रिकेत इंटरेस्ट का, तर तुरीपासून सुरू करा.